पहिल्या बेसपर्यंत पळवणारे नेहेते सर

आणि हो, सर चिडतात हे खरंच आहे. सरांच्या साठीनिमित्तच्या या अंकात बाकीचे सगळे गोड लिहिणार, म्हणून मी ते आधीच सांगून टाकते. माझी त्यांच्याशी ओळखच ओरडा खाऊन झाली. नेहेते सर आमच्या फुजैराच्या प्रोफेशनल बेसबॉल टीमचे मॅनेजर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्य कोच. मी अबुधाबीच्या अल रीमहून स्कोअरर म्हणून गेले आणि पहिल्याच मॅचला शीटवर क्रिकेटसारखे डॉट बॉल मांडले.

"बेटा, ही काय ठिपक्यांची रांगोळी काढलीय?" सर म्हणाले. मग मॅचनंतर तासभर बसून त्यांनी माझ्याकडून अख्खं शीट परत भरून घेतलं.

सर मूळचे जळगावचे, तिकडे सॉफ्टबॉल शिकवायचे. ते इथे आले तेव्हा आमची टीम कायम शेवटची. त्यांनी परदेशी खेळाडू सांभाळलेच, पण दुबईच्या देऱ्यात पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या संतोषदादाचा थ्रो बघून गाडी थांबवली. दादा गुहागरचा, साइटवर स्कॅफोल्डिंग बांधायचा. ती नोकरी सोडून तो टीमच्या कॉन्ट्रॅक्टवर आला. प्रॅक्टिसला सर स्वतः त्याला देऱ्याहून गाडीत घेऊन यायचे.

त्याच सीझनला आम्ही फायनलला पोचलो. शेवटची संधी, एक रन मागे, आमचा एक जण तिसऱ्या बेसवर. दादाने बॉल मारला तो सरळ फिल्डरकडे. बेसबॉलमध्ये असा बॉल मारला की पहिल्या बेसकडे पळावंच लागतं. दादाने क्रिकेटच्या सवयीने हात वर केला, "नो" म्हणाला आणि बॅट टेकून उभा राहिला. फिल्डरच्या हातून बॉल सुटला होता. दादा पळून बेसवर पोचला असता तर तिसऱ्या बेसवरच्याचा रन धरून बरोबरी झाली असती. फिल्डरने आरामात बॉल उचलून पहिल्या बेसवर फेकला, दादा आउट. खलास.

परतताना गाडीत मीही होते. दादा म्हणाला, "सर, लहानपणापासूनची सवय हाय. माझं तिकीट काढा आता."

"मारायला मी शिकवलं, पळायला शिकवायचं राहिलं. मग चूक कोणाची?"

"माझीच."

"गप बस. पाणी पी."

मॅनेजमेंटला दादाला काढायचं होतं. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसाही जाणार. सरांपुढे स्वतःचं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट सहीसाठी होतं. ते म्हणाले, "मला एकच वर्ष द्या, पण त्यालाही एक द्या. नाही सुधारला तर दोघंही जातो."

मग रोज सकाळी दादा बॉल मारणार आणि पळणार, सर बेसपाशी ओरडणार.

"सर, हा तर फाउल, रेषेबाहेर गेला."

"बॉल फाउल गेलाय, तू नाही. पळ."

पुढच्या फायनलला दादाने तसाच एक साधा बॉल मारला. फिल्डर जरासा गडबडला, तेवढ्यात दादा बेसवर पोचलेला, आणि त्यावरच जिंकायचा रन आला. तो आमचा पहिला कप. त्या टीमबद्दल लोक अजून बोलतात.

आता साठीनिमित्त टीमने सरांना विचारलं, काय हवं? सर म्हणाले, पहिल्या बेसपाशी उभं राहून बॅटर्सना पळवणारा कोच म्हणून संतोषला घ्या. मॅनेजमेंट अजून विचारच करतंय.

सरांची तब्येत ठणठणीत राहो, आणि शंभरीतही त्यांचा ओरडा आम्हाला मिळत राहो, इन्शाल्ला. पण ज्याच्या न पळण्याने एक फायनल गेली, त्याच्याकडेच इतरांना पळवायचं काम द्यावं का? मी तर आजच देईन. तुम्हाला काय वाटतं?