डावीकडची खुर्ची

रविवारी दुपारी मित्राच्या मळ्यात आमचा पोकर रंगायचा. एकदा तिथं इचलकरंजीचा एक यंत्रमाग कामगार आला. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी हा उभाच. आमचे चार डाव त्यानं उभ्यानं बघितले आणि माझ्या डावीकडच्या गड्याला म्हणाला, "पावणं, जरा सरका की. मला हितंच बसायचंय."

पोकरमध्ये पाळी डावीकडं फिरते. म्हणजे मी आधी बोलणार आणि हा माझं ऐकून ठरवणार. माझ्याकडं खरंच चांगली पानं असली, की तो मुकाट्यानं आपली टाकून द्यायचा. मी नुसता आव आणला, की बेधडक पैसे वाढवायचा. चेहऱ्यावरची रेघही मी हलू देत नव्हतो. आणि हा बाबा माझ्या चेहऱ्याकडं बघतही नव्हता!

शेवटी न राहवून विचारलं, "तुम्हाला कळतं तरी कसं?"

"मागाच्या खडखडाटात बोललेलं काय ऐकू येत न्हाय. आमी हातच बघतो," तो शांतपणे म्हणाला. "खोटं खेळताना तुमचा अंगठा मुठीत जातोय."

त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. मी पोकर सोडला.

परवा माझ्या तपासणीचा रिपोर्ट आला. बायको शेजारी बसली होती. "काळजीचं काही नाही," मी तिला सांगितलं.

ती माझ्या चेहऱ्याकडं बघून हसली. मी खाली बघितलं. अंगठा मुठीत होता.