डांबर फासलेली होडी

परवा अमरावतीत रस्त्याच्या कामापाशी गरम डांबराचा वास आला आणि मला कौंडण्यपूरचा नदीकाठ आठवला.

बाबांना शिडाची एक जुनी, छोटी होडी विकत घ्यायची होती. आई आणि मी सोबत होतो. काठावर उपड्या ठेवलेल्या होडीच्या बुडाला ताजं डांबर फासलेलं होतं. बाबा शिडाची शिवण पाहण्यात रमले. आई मात्र डांबरावर अंगठा दाबत पुढे सरकत होती. एका जागी अंगठा आत रुतला.

"इथलं लाकूड सडलं हाय," ती म्हणाली.

"डांबर ओलं हाय, म्हणून नरम लागते," विकणारा म्हणाला.

"मंग पाण्यात टाका. मी बसतो," आई म्हणाली.

आईला पोहता येत नव्हतं. तरी बाबांचं न ऐकता ती बसली. होडी काठापासून थोडी सरकली आणि बुडातून पाणी शिरून तिच्या साडीचा काठ भिजू लागला. बाबा पाण्यात धावले आणि तिला हाताला धरून बाहेर घेऊन आले.

"तुले भेव नाही लागलं?" त्यांनी विचारलं.

"लागलं ना. पण तुमी नदीच्या मधात एकटे असते तर?"

ती होडीत बसली तेव्हा मला वाटलं होतं, आईला बाबांची हौसच मोडायची आहे. पण ओली साडी पिळता पिळता ती म्हणाली, "दुसरी होडी पाहू. तिच्यातही पयले मीच बसीन."