नाव न लिहिलेली झाडं

माघ शुद्ध पंचमी, सकाळ. हजर: जंगल खात्याचा मुन्शी म्हणून मी, झाडांवर खूण ठोकायचा हातोडा घेतलेला नाकेदार, दोन कोरकू मजूर, आणि न बोलावता आलेली त्यांच्या पाड्यावरची म्हातारी. जागा: जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुड्याचा उतार. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि साहेबाला दोन दिवसांत झाडांची मोजदाद हवी होती.

मजूर नावं सांगत, मी लिहीत असे. साग, मोहा, धावडा, सालई, चारोळी, आवळा, तेंदू. दुपारी हात दुखू लागला तेव्हा मी दोनच रकाने ठेवले: साग आणि किरकोळ. काम झपाट्याने उरकू लागलं.

म्हातारी एका मोहाखाली थांबली. "मुन्शीबाबा, याचं नाव काऊन नाही लिहिलं?"

"लिहिलं ना माय, किरकोळात."

"चैतात आमचा पाडा याच्यावर जगते. हा किरकोळ?"

नाकेदार म्हणाला, "बुढे, सरकारले तुही दारू नाही पाह्यजे."

"सरकारले नसंल. मांगच्या होळीले मडकं भरून तूच नेलं ना बे."

मजूर हसले. मीही हसलो. नाव मात्र लिहिलं नाही.

हुकूम आला: किरकोळ तोडा, सगळीकडे साग लावा. सुबक यादीबद्दल मला शाबासकी मिळाली.

साग वाढला. त्याच्याखाली गवत धरेना, माती वाहून गेली. एका श्रावणात अळी पडली आणि साऱ्या उतारावर पानांच्या नुसत्या जाळ्या उरल्या. सलग सागात तिला अडवणारं काही नव्हतं, टिपणारी पाखरंही गेली होती. वैशाखापर्यंत वाहणारा नाला होळीलाच आटू लागला. मोहाची फुलं नाहीत, चारोळी नाही, पाणी नाही. पाडा उठला आणि वरवट बकालला कपाशीच्या मजुरीवर गेला. म्हातारीही गेली.

आता नवा साहेब म्हणतो, मिश्र झाडं लावू. पूर्वी कुठे काय होतं ते कळवा. पहिल्या सकाळची नावं सोडली तर माझ्या कागदावर फक्त आकडा आहे. नाकेदाराला आठवत नाही. झाडन् झाड सांगू शकेल ती म्हातारीच.

बाजाराच्या निमित्ताने दोनदा वरवट बकालला गेलो. दोन्ही वेळा मजुरांच्या झोपड्या लांबून पाहिल्या आणि परतलो. तिला विचारायचं अजून राहिलं आहे.