माठातला सेन्सर

रोहण्याच्या मोहिनीचा यंत्रांवर फार जीव. बी.एस्सी. झाली आणि आर्वी रस्त्यावरच्या एका शेतकरी कंपनीत लागली. तुरीचा मर रोग रोखणारी मित्रबुरशी तिथं मोठ्या टाकीत वाढवतात. टाकीला सेन्सर, भिंतीवर स्क्रीन. उष्णतेनं बुरशी मरते, म्हणून टाकी तापली की गार करणारा चिलर आपोआप सुरू. माणूस डुलकी घेतो, सेन्सर घेत नाही, असं ती गावभर सांगत फिरायची. तिच्या शब्दावर अर्ध्या रोहण्यानं ती बुरशी नेली.

आणि तूर उभी वाळली. लोक भांडायला आले, तर मॅनेजर बंडूजी म्हणाले, पाकिटं उन्हात ठेवली असतील. आमची स्क्रीनवरची तापमानाची रेघ बघा, कशी सरळ आहे. मोहिनीनं रेघ पाहिली आणि सख्ख्या काकूला, विमलाबाईला, तेच ऐकवलं.  त्यानंतर काकूनं तिला कधी चहाला बोलावलं नाही.

यंदा मे महिन्यात कंपनीचे अध्यक्ष किसनराव पाहुण्यांना आधुनिक कारखाना दाखवायला घेऊन आले. मोहिनी पाणी आणायला पहिल्यांदाच बंडूजींच्या मागच्या खोलीत गेली. कोपऱ्यातल्या माठाचं झाकण उचललं, तर आत टाकीचा सेन्सर! वायर कपाटामागून आणलेली. बाहेर ऊन आग ओकतंय आणि हा बाबा माठात गारेगार बसलाय. मग चिलर कशाला सुरू होईल? तिनं विचारलं तेव्हा बंडूजी दबक्या आवाजात म्हणाले, मागच्या सालापासून तिथंच आहे, विजेचं बिल वाचते. मोहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुरशी मारली यांनी आणि खापर फोडलं शेतकऱ्यांच्या डोक्यावर, तेही तिच्या तोंडून!

तिनं सेन्सर उपसला, पुसला आणि पाहुण्यांच्या देखत टाकीच्या खोबणीत बसवला. रेघ चढत चढत लाल झाली. बंडूजी म्हणाले, सेन्सर बिघडला. मग टाकीला हात लावून पाहा, ती म्हणाली. कोणी हात लावेना.

किसनराव जवळ आले. "पाहुने जाऊ दे पोरी, मंग पाहू. हा माल उद्या समुद्रपूरले जाऊन राह्यला."

मोहिनीनं टाकीचा खालचा कॉक पूर्ण फिरवला. आंबूस पाणी पाहुण्यांच्या बुटांवरून मोरीकडे धावलं.

"मोहिनी, हे नुकसान कोन भरन?" बंडूजी किंचाळले.

"मागच्या साली रोहण्यानं भरलं," ती म्हणाली. "आता तुमी भरा."