पुढच्या उजव्या पायाची नाल

घोड्यांची शर्यत बावीस वर्षांनी पुन्हा होणार, म्हणून शहराला नुसतं उधाण आलं होतं. चौकाचौकात फ्लेक्स, त्यांवर घोड्यांपेक्षा मोठी पुढाऱ्यांची तोंडं. छावणीच्या मैदानावर रोज रोलर फिरायचा आणि तो बघायलासुद्धा गर्दी व्हायची. ऑफिसातला शिपाई म्हणाला, "साहेब, तुमच्या घरची घोडी लई पळायची म्हणं. आता तुम्हाला ष्टेजवर बसवतेत का नाय बघा!" मी हसलो. घरी येऊन न जेवताच आडवा झालो.

बंद पडण्याआधीच्या शेवटच्या शर्यतीत आमची घोडी अर्ध्यातच लंगडली होती. आठवड्यापूर्वी नाल ठोकली होती ती छावणीतल्या नालबंद चाचांनी. वडलांनी भर मैदानात त्यांची गचांडी धरली. "मांसात खिळा मारला रे तू!" पाय तर बघू द्या, म्हणत राहिले चाचा. वडलांनी हात लावू दिला नाही. त्यानंतर चाचांकडं कुणी घोडं नेलं नाही.

खिळ्याचा दोष नव्हता. शर्यतीच्या दोन दिवस आधी, वडील वैजापूरला गेलेले असताना, मी शेंद्र्याच्या डांबरी रस्त्यावर मित्राच्या नव्या मोटारसायकलीशी घोडी पळवली होती. पैज नव्हती. मिजास होती, बस. परत येताना ती पुढचा उजवा पाय जपून टाकत होती. मी गार पाण्याच्या पट्ट्या बांधल्या, वडील यायच्या आधी सोडल्या आणि गप्प बसलो. पंचवीस वर्षांचा होतो, अजाण नव्हतो. पुढं वडील गेले, तरी गप्पच.

यंदा शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी चाचांच्या घरी गेलो. ते आता दारातच सायकलींचे पंक्चर काढतात.

"कमिटीवाले आए थे," तेच म्हणाले. "घोड्यांचे पाय तपासायला बसा म्हणले. मी नाय म्हटलं. मेरा हाथ चुकता है, पाटील. एक बार चुका ना."

मग मी सगळं सांगितलं. मोटारसायकल, पट्ट्या, सगळं.

त्यांनी पंक्चर शोधायला पाण्यात बुडवलेली ट्यूब बाहेर काढली. ती हातात तशीच.

"म्हणजे खिळा बरोबर बसला होता?"

"होय चाचा."

"बाईस साल मैं अपने हाथ को कोसता रहा." ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली. "माफी-बिफी मागू नका. यहाँ बोलके क्या फायदा? जिथं मला बोलले, तिथं जाऊन बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर घोडेवाले जमले होते, तिथं जाऊन बोललो. दोनदा सांगावं लागलं. कुणी म्हणालं, "आत्ता कशाला उकरता, मालक? शर्यत होऊ द्या." वडलांना ओळखणारा एक म्हातारा म्हणाला, "बरं झालं, ऐकायला ते नाहीत." आणि पाठ फिरवली.

एका तरुण घोडेवाल्यानं मात्र विचारलं, "कुठं राहतेत हे चाचा? माझ्या घोडीची नाल सकाळपासून वाजायलीय."

मी गल्ली दाखवली. तो घोडी घेऊन तिकडं वळला. त्याच्यामागं जायची हिंमत मला झाली नाही. लाउडस्पीकर सुरू झाला होता. मी रिक्षा केली आणि घरी आलो.