बिनखरवडीची बिर्याणी

ईदच्या दुपारी माझी धाकटी बहीण शाहीन हलकी बिर्याणी करत होती. मटणाऐवजी चिकन, तळलेल्या कांद्याऐवजी ओव्हनमध्ये वाळवलेला कांदा. तूप तर तिने डोळ्यात औषध घालावं तसं घातलं. बटाट्याला घरातच घेतलं नव्हतं.

"आपा, पोटाला जड होत नाही ही," ती म्हणाली.

अम्मीने कणकेने झाकण लिंपलं की जेवायला दस्तरखान अंथरेपर्यंत त्याला हात लावायची कुणाची हिंमत नसायची. शाहीन मात्र सारखी झाकण उघडून डोकावत होती आणि बिर्याणीचा दम छताकडे जात होता. वर्षभर चहात खारी बुडवणाऱ्यांना पथ्य आठवतं ते नेमकं सणाला. पाहुण्यांसाठी हात सैल सोडायच्या दिवशी हात आखडायचा आणि त्याला आरोग्य म्हणायचं.

पाहुणे "छान हलकी आहे" म्हणाले. पुन्हा कुणी वाढून घेतलं नाही. उरलेली बिर्याणी डब्यात काढल्यावर मी सवयीने तळ खरवडायला चमचा घेतला.

"चमचा लावू नकोस आपा, कोटिंग निघेल," शाहीन अभिमानाने म्हणाली. "याच्या तळाला काही लागतच नाही."

अम्मीच्या पातेल्यातल्या तुपकट, करपट खरवडीसाठी लहानपणी माझ्या हाताला चावणारी ती हीच.

मग तिने स्वतःच तळावरून बोट फिरवलं, चाटलं, आणि पातेलं नळाखाली धरलं.