कट्ट्यावरच्या सळया

वेल्डरला सगळे 'उस्ताद' म्हणत आणि ते त्यांना मनापासून आवडे. लोखंडाचं काम हातात घेतलं की टोक न् टोक घासून गोल केल्याशिवाय ते सोडत नसत. "कुणाच्या हाताला लागलं तर शिव्या मलाच," म्हणायचे.

वसाहतीच्या सेक्रेटरींनी बारा चौकटी करायला सांगितल्या, तेव्हा उस्तादांनी विचारलं, "सळया अशा तिरप्या कशाला?"

"वेली चढवायच्यात. जरा हिरवळ नको का?" सेक्रेटरी हसले. पंधरा वर्षांची ओळख. शंका कशाला घ्यायची? चौकटी बसवायला मात्र सेक्रेटरींनी दुसरीच माणसं लावली.

चौकटी बसल्या त्याच संध्याकाळी उस्तादांची लेक बाहेरून आली ती भिंतीकडे तोंड करून पडली. नववीतली पोर, एरवी घर डोक्यावर घेणारी. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून शाळेला दांडी, तिसऱ्या दिवशी तेच. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, बराच वेळ तिच्याशी एकटीशी बोलल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "पोटाला काही झालेलं नाही. ही कुठे जायची, कुणात बसायची, ते विचारा."

उस्तादांनी विचारलं.

"पाण्याच्या टाकीखालच्या कट्ट्यावर. आम्ही पाचजणी," वळूनही न बघता लेक म्हणाली. "आपल्या एका खोलीत मी रडू कुठे, बाबा? तिथे रडता यायचं. आता सळया ठोकल्यात. टेकतासुद्धा येत नाही." मग म्हणाली, "टोकं गोल घासलीत. तुमच्याशिवाय असं कोण करतं?"

उस्ताद तिच्या उशाशी बसले. "मला वेलींसाठी म्हणून सांगितलं गं."

"बरं," ती म्हणाली. तिला ते पटलेलं नव्हतं.

उस्ताद तडक सेक्रेटरींच्या दारात. "वेली कुठायत?"

"अहो, पोरी तिथे खिदळत बसायच्या. तक्रारी येत होत्या. खरं सांगितलं असतं तर केलं असतंत काम?"

"नसतं केलं."

"म्हणून तर नाही सांगितलं," सेक्रेटरींनी शांतपणे चहा पुढे केला. उस्तादांनी त्याला हात लावला नाही.

रविवारी दिवसाढवळ्या, अख्खी वसाहत गॅलरीत उभी असताना, उस्तादांनी ग्राइंडर लावून बाराही चौकटी कापल्या. वसाहतीचं काम कायमचं सुटलं. सुटू दे, म्हणाले.

कट्टा मोकळा झाला, पण पाचजणी काही पुन्हा जमल्या नाहीत. एकीला संध्याकाळचा क्लास लावलाय, दोघींना घरून बंदी, चौथी फोनमध्येच असते. लेक शाळेत जायला लागली, आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाईंकडेही जाते. जेवताना चार शब्द बोलते. पण संध्याकाळी कुठे असतेस, असं विचारलं की "इथेच" एवढंच म्हणते, आणि उस्तादांना पुढचं विचारायचा धीर होत नाही.